गयाबाईचा उजवा हात

सेक्टर सहाच्या बाजारात गयाबाई शिरली की भाजीवाले आपापल्या तागड्या सरळ करून बसायचे. बाईला काट्याची गरजच नव्हती. वांगी उजव्या तळहातावर घेतली, जरा खालीवर केली, की निकाल लागला. "हे पाव किलो म्हणते का रे? दोन वांगे टाक अजून!" फेरतोल केला की तिचंच खरं निघायचं. नवरा तेजराम पोलादाच्या प्लांटमध्ये, रोलिंग मिलला. बायकोचं त्याला भारी कौतुक. पण बाई गं, त्या हातानं तिला एक खोडही लावली होती. सारं जग चोर, आणि आपला हात तेवढा साव!

ब्याऐंशीच्या थंडीत लेक शैला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. त्याच सुमारास गयाबाईला सगळंच जड लागायला लागलं. बटाटे जड, डाळ जड, किराणावाल्या बाबुलालच्या तांदळाची पुडीसुद्धा जड. आता कमी भरलं तर भांडता येतं. जास्त भरलं तर काय करावं? बाईनं त्यातही खोट शोधली. फुकट कोण देतं?

"एवढी मेहरबानी कावून रे, बाबुलाल? सडका माल खपवून राहिला ना?"

"काटा तुमच्यासमोर आहे, गयाबाई. जास्त कुठं देऊन राहिलो मी?"

घरी येऊन तिनं तांदूळ सुपात पसरला, हुंगला, चावून पाहिला. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर तिचा संशय दुप्पट झाला.

नातूही जड लागत होता. रोज तेल लावून झालं की ती त्याला उचलायची आणि हरखून जायची. तेवढ्या एका जडपणावर मात्र तिला कधी संशय आला नाही.

"माय, हा दूध पिता पिता झोपते वो," शैला म्हणायची. "मले तर हलका वाटून राहिला."

"तुले काय समजते? भरला माझा राजा!"

दवाखान्यातल्या नर्सनं बाळ तोललं आणि कपाळाला आठ्या घातल्या. जन्माच्या वेळेपेक्षाही वजन उतरलंय, आजच मोठ्या दवाखान्यात न्या, म्हणाली. गयाबाई मात्र भडकली. "हिचा काटाच खोटा! चाल, दुसऱ्या काट्यावर दाखवतो तुले." आणि लेकीला ओढत थेट बाबुलालच्या दुकानात.

बाबुलालनं काट्याच्या पारड्यात मऊ पोतं अंथरलं, काटा जुळवून घेतला आणि बाळाला अलगद ठेवलं.

"साडेतीनच्या खाली नसन," गयाबाई आधीच बोलून मोकळी झाली.

दुसऱ्या पारड्यात दोन किलोचं वजन गेलं, वर अर्ध्याचं. काटा थांबला.

"अडीच. तेही जेमतेम," बाबुलाल हळूच म्हणाला. शैलानं झटकन बाळाला उचलून छातीशी धरलं.

"तुझे वजनंच खोटे!" गयाबाईनं दोन किलोचं वजन खस्सकन उचललं आणि हातात तोललं. "पाहा! हे दोन होय? तीन किलो आहे हे, तीन! सापडला चोर!"

बाबुलाल चिडला नाही. शेजारच्या दुकानातून त्यानं दुसरं दोन किलोचं वजन आणलं. गयाबाईनं तोललं. तेही तीन.

"आता डाव्या हातात घ्या."

"डाव्या हातानं कोणी तोलते का?"

"घ्या तर खरं, बाई."

तिनं घेतलं. दोन किलो. बरोबर दोन. पुन्हा उजव्यात घेतलं तर तीन. जोर उजव्या हातातलाच गेला होता, म्हणून सगळं जड लागत होतं. बाईनं वजन खाली ठेवलं. आता तिला आठवलं, एवढ्या थंडीत काट्यावर ठेवलं तरी लेकरू रडलं नव्हतं.

"बाबुलाल, रिक्षा बोलाव बापा," ती कशीबशी म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात जायचं आहे."

रिक्षा आली. चढता यावं म्हणून शैलानं बाळ आईपुढे धरलं. गयाबाई मागे सरली.

"मले नको देऊ वो," ती म्हणाली. "बाबुलालजवळ दे."