बडे मियाँचे कबाब आणि गोव्याची पोर्ट

पुण्याहून निघालो तेव्हा बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या पोर्ट वाइनच्या दोन बाटल्या होत्या. मी मुळात भित्रा माणूस. साहेबलोकांना भितो, कुत्र्यांना भितो, आणि सगळ्यात जास्त खोटं बोलायला भितो. केटरिंग कॉलेजात मी बारचा विषय शिकवतो; कोणत्या पदार्थाबरोबर काय प्यावं, याच्या सोयरिकी जुळवतो. तेवढ्यावर माझा मित्र दिलीप याने लखनौहून एसटीडी बूथवरून फोन केला होता.

“मंगळवारी मोठे साहेब जेवायला येतायत. कबाबाबरोबर काय द्यायचं ते तू बघ. बदली त्यांच्याच हातात आहे रे.”

दिलीप बँकेत. साताऱ्याला त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आलेला, आणि सांभाळायला शेजारीण. नाही म्हणणार कसं?

मंगळवारी सकाळी चारबाग स्टेशनचे घुमट धुक्यातून वर आलेले दिसले. दिलीपने मला स्कूटरवर बसवून जानकीपुरमला नेलं. अर्धी घरं बांधायची राहिलेली, मध्येमध्ये मोहरीची शेतं. त्याच्या बायकोने, स्मितावहिनीने, मटार घातलेले पोहे दिले. ते संपतात न संपतात तोच आम्ही हज़रतगंजात सोडा आणि ग्लास घ्यायला निघालो, तिथून अमीनाबादला, स्वयंपाकी बडे मियाँना आणायला.

वाटेत दिलीप म्हणाला, “बडे मियाँना दारूचं कळता कामा नये. शर्बत म्हण. मागे एका लग्नात कळलं, तर बिर्याणीची अख्खी देग चुलीवर तशीच सोडून चालते झाले.”

म्हणजे खोटं बोलायचं काम माझ्यावर आलं होतं.

बडे मियाँ सत्तरीचे, काटकुळे, गळ्यात मफलर, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मागच्या अंगणात त्यांनी शेगडी मांडली आणि मला जवळ बसवून घेतलं. गलावटी कबाब, म्हणजे कच्च्या पपईने मऊ केलेल्या खिम्याचे. तव्यावरचा पहिला कबाब त्यांनी माझ्या हातावर ठेवला. “लीजिए, पूना वाले साहब. पहला मेहमान का।”

जिभेवर ठेवताच तो विरघळला. मागून लवंग आली, मग केवडा. यावर व्हिस्की दिली तर दोन्ही मरतील, हे मला लगेच कळलं. म्हणून पोर्ट गार करायची, त्यात आल्याचा रस, लिंबू आणि सोडा. शेवटी गोड शाही टुकड्याबरोबर नुसती पोर्ट, घोटभर. बडे मियाँ माझ्या घरची चौकशी करत होते, मला भरवत होते, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं की मी नवे ग्लास पुन्हा पुसायला घेत होतो. दुपारपर्यंत मी चार कबाब खाल्ले आणि चारदा सांगायचं ठरवून गप्प बसलो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पहिला ग्लास बनवला. तेवढ्यात अंगणातून हाक आली. “शर्बत इधर लाइए। मीठा हुआ तो मिर्च बढ़ाऊँगा। साथ की चीज़ चखे बग़ैर मेरा तवा नहीं चढ़ता।”

दिलीप कानाशी कुजबुजला, “दे ना यार. एक घोट. काय कळतंय त्यांना!”

त्याचा चेहरा पाहिला आणि मला त्याचीही भीती वाटली. तरी पाय चालत गेले, हाताने ग्लास पुढे केला. बडे मियाँनी तो घेतला, “बिस्मिल्लाह” म्हटलं, ओठांपाशी नेला.

मी तो हिसकावला. अर्धा त्यांच्या मफलरवर सांडला. “बडे मियाँ, इसमें शराब है!”

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मफलर काढला, नळावर तीनदा हात धुतले, आपला झारा पुसून पिशवीत टाकला. कबाबाचं उरलेलं मिश्रण झाकून ठेवलं. “खाना फेंकिएगा नहीं।”

फाटकापर्यंत मी मागे गेलो. ते वळले. “होंठ तक आने के बाद छीना, शुक्रिया। मगर साहब, सुबह से मेरे हाथ का खा रहे थे। तब ज़बान कहाँ थी?”

धुक्यात ते पायीच निघून गेले.

साहेब आले. उरलेले कबाब वहिनीने तळले. साहेबांनी तीन ग्लास घेतले, मान डोलावली आणि म्हणाले, “वाह! बनाने वाले को बुलाइए।”

“तबीयत ठीक नहीं थी, घर गए,” दिलीप म्हणाला. मी ताटातच बघत राहिलो. निघताना साहेब म्हणाले, “सातारा? हो जाएगा।” दिलीपचे डोळे भरून आले. आईसाठी आले, हे मला ठाऊक होतं, म्हणून त्याच्यावर धड रागावताही येईना.

परतीच्या गाडीत वहिनीने दिलेला डबा उघडला. कबाब गार होऊनही मऊ होते. समोरच्या वृद्ध गृहस्थांपुढे डबा धरला. त्यांनी एक खाल्ला आणि डोळे मिटले.

“किसने बनाए?”

मी सांगितलं.

“आपके कौन लगते हैं?”

“मेज़बान थे, मैं मेहमान,” मी म्हणालो आणि डबा त्यांच्याकडे सरकवला. मला एकही खाववला नाही.

वर्गात मी आजही सोयरिकी जुळवायला शिकवतो. फक्त आधी विचारायला सांगतो, रांधणाऱ्याला माहीत आहे का? मुलं हसतात. मी मात्र उत्तर येईपर्यंत बाटली उघडू देत नाही.