दाराची कड

सास्तूरच्या मोफत चष्मे शिबिरात मुरुम गावचे एक चष्मेवाले चाचा लेन्स तपासत होते. प्रत्येक चष्मा हातभर दूर धरून ते त्यातून दाराची कड बघत. कड नागमोडी दिसली, की चष्मा बादलीत आदळत. बादली भरत आली, तसा मी, शिबिराचा कार्यकर्ता, वैतागलो. "चाचा, फुकटचे हायत, चालतंय की!"

ते कडाडले, "चष्मे फुकटचे असतील. डोळं काय फुकटात आलेत व्हय?"

चारचौघांत झापलं म्हणून मी फणफणत घरी आलो. त्यांना खोटं ठरवायलाच आईचा चष्मा दारासमोर धरला. गेल्या शिबिरातून मीच आणलेला. कड नागमोडी होती.

वर्षभर आई म्हणत होती, "ह्यानं डोकं दुखतंय रं." आणि मी खेकसत होतो, "घाल गुमान, हुईल सवय!"