पाठ नाय ना?

माझे मोठे काका आमच्या घाटकोपरच्या चाळीत रोज संध्याकाळी सगळ्या भावंडांकडून पाढे म्हणून घेत. दिडकी, अडीचकी, सगळं. चुलतभाऊ धडाधड म्हणायचा. मी डोळे मिटून मनात बेरीज करायचे. उत्तर बरोबर यायचं, पण उशिरा. काका बोटांवर पट्टी मारत विचारायचे, "इचार कसलो करतंस गो? पाठ नाय ना?" दहावीनंतर त्यांनीच बाबांना सांगितलं की हिचं डोकं चालत नाही, सायन्सला घालू नको. मी वर्षभर घरात भांडले तेव्हा कुठे सायन्स मिळालं. ते वर्ष मी विसरलेली नाही, विसरणारही नाही.

आता मी मुलुंडला एका दवाखान्यात मेंदूच्या लहरींची तपासणी, म्हणजे ईईजी, काढते. मध्यंतरी काका आले. बाजारात उभ्या उभ्या दोनदा घेरी आली म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं. मला बघून ते वरमले. वायरी चिकटवण्याआधी डोकं चोळून साफ करावं लागतं. त्यांचं टक्कल मी जरा जास्तच चोळलं.

माणूस डोळे मिटून स्वस्थ पडला की डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहरींच्या रेघा पडद्यावर संथ ठेक्यात हलतात. त्याला अल्फा म्हणतात. मनात अवघड हिशेब सुरू झाला की तो ठेका बहुधा मोडतो. डॉक्टरांनी काकांना दिलेल्या चिठ्ठीत हिशेबाचं काही लिहिलेलं नव्हतं, तो माझा हट्ट. आधी त्यांना दिडकी म्हणायला सांगितली, मनातल्या मनात. ठेका जवळजवळ तसाच राहिला. सगळं तोंडपाठ, मेंदूला कामच नव्हतं. मग शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. रेघा बारीक झाल्या, विस्कटल्या. बऱ्याच वेळाने विचारलं, कुठवर आलात?

"थांब गो, इचार करतंय."

"इचार कसलो करतास, काका? पाठ नाय ना?"

त्यांच्या मिटल्या पापण्या थरथरल्या.

उठल्यावर टकलावरची पेस्ट पुसत त्यांनी हळूच विचारलं, डोकं ठीक आहे ना. मला तरी रेघा चांगल्या दिसल्या होत्या. तेवढं सांगितलं असतं तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता. रिपोर्ट डॉक्टर सांगतील, परवा या, एवढंच मी म्हणाले. आमचा नियमच आहे तसा, आणि एरवी घरच्यांसाठी मी तो मोडते.

त्या रात्री काकांना झोप लागली नसणार. मला गाढ लागली.