पारबताबाईंचा सणाचा फडका

विणून पूर्ण झालेल्या वस्तूला पारबताबाई 'झाली' असे कधी म्हणत नसत. शेवटचा टाका घालून दोरा कापला की ती वस्तू पाण्यात बुचकळायची, पिळायची, उन्हात वाळवायची आणि सरळ घरातल्या कामाला लावायची. त्यातूनही तिचा आकार टिकला आणि रंग उतरला नाही, तरच ती झाली. नेरमधल्या इतर बायका आपले क्रोशाचे रुमाल काचेच्या कपाटात मांडून ठेवीत. पारबताबाईंचे विणकाम चुलीपाशी खिळ्याला टांगलेले असे. "पेटीतलं कापड कुवारंच मरते," असे त्या म्हणत.

त्या सरकारी दवाखान्यात आया होत्या आणि क्रोशाची सुई त्यांच्या हाती तिथल्याच एका नर्सबाईंनी दिली होती. मी त्यांचा शेजारी. एका वकिलांकडे कारकून होतो, आणि दिसेल त्या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिणे हे आपले कर्तव्य आहे असे मानत होतो. आजही मानतो. पारबताबाई मला 'वकीलभाऊ' म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

छप्पन साली आमच्या साऱ्या वस्तीने धम्म स्वीकारला. देव्हाऱ्यातले देव नदीत गेले आणि पारबताबाईंच्या सासूचे हात रिकामे झाले. पुढल्या वर्षी बुद्धाची वैशाखी पौर्णिमा जवळ आली तसे ती म्हातारी विचारू लागली, "देव तं सोडले पाण्यात, आता सण कायचा करावं, अन् कसा?" सुनेने दोरा आणला आणि भांडी पुसायचा फडका विणायला घेतला. पांढऱ्या जमिनीवर निळी पिंपळपाने आणि कडेने पिवळी पट्टी. एकाच ओळीत दोन रंग चालवायचे, तर जो रंग वर दिसायला नको तो दोरा टाक्यांच्या पोटातून दडवून न्यावा लागतो. कुठे सैल पडला की निळा पांढऱ्यातून डोकावतो. पारबताबाईंनी तो फडका कितीदा उसवला आणि पुन्हा विणला, याचा मी साक्षीदार आहे.

"एवढी नक्षी भांडी पुसायला?" मी विचारले.

"सणाच्या दिवशी जेवाले ताटच घेतो न आपण समोर? मंग ताटाले काहून चिंधी?"

पौर्णिमेला त्या एकेक ताट पुसून मांडू लागल्या. मग सासूने उठून फडका सुनेच्या हातातून ओढला. "दे इकडं. तुले पुसता येत नाई." उरलेली सगळी ताटे म्हातारीने पुसली. त्या घरात नवा सण असा आला.

पुढे काही वर्षांनी गावातल्या एका महिला मंडळाने शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन भरवले. 'घरी तयार केलेल्या, घरोपयोगी वस्तू' मागवल्या होत्या. पारबताबाईंनी तो फडका धुऊन, घडी करून दिला. संध्याकाळी तो परत आला. कारण विचारायला आम्ही दोघे शाळेत गेलो. मंडळाच्या अध्यक्षा, ज्यांना गावात माईसाहेब म्हणत, तिथे बसल्या होत्या.

"वापरलेला आहे तो," माईसाहेब म्हणाल्या.

वस्तू न वापरलेली असावी, अशी अट जाहिरातीत नव्हती. शिवाय समोरच्याच टेबलावर एक स्वेटर मांडला होता, आणि तो घालून माईसाहेबांचा नातू सबंध हिवाळा गावात हिंडलेला आम्ही पाहिला होता. मी हे दोन्ही मुद्दे क्रमाने मांडले. तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "अहो, तो तुमच्या घरच्या भांड्यांना लागलाय. इथे चार लोक येणार, हात लावणार. समजून घ्या ना."

मी समजून घेतले नाही. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा तोवर अमलात आलेला होता. मी घरी जाऊन फिर्यादीचा मसुदा लिहिला, आणि अशा निश्चयाने लिहिला की टाकाचे टोक कागदातून आरपार गेले. तो घेऊन सहीसाठी पारबताबाईंकडे गेलो.

"यानं काय होईन, वकीलभाऊ?"

"शिक्षा होईल. दंड, प्रसंगी कैदसुद्धा."

"अन् मंग ती माह्या हातचा चहा पेईन?"

"तो प्रश्न कायद्याच्या कक्षेत येत नाही."

"मंग राहू द्या तुमच्यापाशी. मले तिचा जेल नाई पायजे. तिनं माह्या कपातून प्याले पायजे."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या त्या घरची केटली, कपबश्या आणि तो फडका घेऊन. व्हरांड्यात बसल्या. सर्वांच्या देखत एक कप फडक्याने पुसला, चहा ओतला आणि माईसाहेबांपुढे ठेवला.

"मी आत्ताच घेतला," माईसाहेब म्हणाल्या.

"बरं."

चहा गार झाला. पारबताबाईंनी तो अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी ओतला, कप विसळला, पुसला आणि पुन्हा भरला. तोही गार झाला. शेवटी शाळेच्या मास्तरीणबाई पुढे आल्या, दुसऱ्या कपात चहा ओतून घेऊन तो प्यायल्या आणि फडका उचलून त्यांनी टेबलावर स्वेटरच्या शेजारी पसरला. माईसाहेब उठून निघून गेल्या. प्रदर्शन संपेपर्यंत तो फडका तिथून कोणी हलवला नाही.

"जिंकलो आपण," परत येताना मी म्हणालो.

"कायचं जिंकलो? तिचा कप तं भरलेलाच राह्यला."

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाला त्या पुन्हा गेल्या, त्याच्याही पुढच्या वर्षी गेल्या. तोच फडका, तीच केटली. निळी पाने मध्यभागी फिकी होत चालली. बायकांना त्याची सवय झाली. कोणी म्हणे, "पारबता, त्या लिंबाले आता तलफ येत असन बाई." पारबताबाईसुद्धा हसत, आणि कप भरून माईसाहेबांपुढेच ठेवीत.

मग एका वर्षी माईसाहेब काठी टेकत, सुनेचा हात धरून आल्या. पारबताबाईंनी नेहमीसारखा कप पुसून पुढे ठेवला. माईसाहेबांनी त्याच्याकडे पाहून विचारले,

"तू थकत नाहीस का गं?"

"थकते न. तुमी प्या, मंग जाईन घरी."

माईसाहेबांनी कप उचलला. आधी एक घोट घेतला, मग थांबून उरलेला सगळा चहा प्यायल्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "साखर कमी आहे."

"देऊ आणखी?"

"अर्धा."

पारबताबाईंनी तोच कप घेतला, विसळला, फडक्याने आतून, बाहेरून, कानापाशी सावकाश पुसला, आणि मगच ओतला.

घरी जाताना मी त्यांना सांगितले की चहा प्यायल्याने मूळ गुन्हा रद्द होत नाही. त्या म्हणाल्या, "नसन होत. पण आजच्या दिवस मले नका सांगू."

पारबताबाई आता नाहीत. मी अजून अर्ज लिहितो. अलीकडे मसुदा करायला बसण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो की आपल्याला नेमके काय हवे आहे, शिक्षा की प्यायलेला कप. बहुतेक वेळा उत्तर 'शिक्षा' असेच येते, आणि मी लिहायला बसतो. पण हल्ली, एखाद्या वेळी, मी आधी चहाला बोलावतो.