गणपतीपुढे राहिलेला अर्ज

स्टुटगार्टजवळच्या एका हॉखशूलमध्ये, म्हणजे तिथल्या इंजिनियरिंग कॉलेजात, स्वरूपा आठल्ये सत्तावीस वर्षं एकच विषय शिकवत होत्या. तुळई किती भार पेलते आणि कशाने मोडते, हा तो विषय. पण बाईंचा जीव अडकला होता दुसऱ्याच कामात. कॉलेजात शिकता शिकता देशासाठी खेळणारी जी पोरं असतात, त्यांच्या अभ्यासावर आणि नियमांवर लक्ष ठेवायला एक प्राध्यापक नेमलेला असतो. स्पर्धा आणि परीक्षा एकाच दिवशी आल्या तर काय करायचं, हजेरीत सूट किती द्यायची, खेळाच्या नावाखाली दांड्या कोण मारतोय, हे सगळं त्याने बघायचं. अकरा वर्षं ते पद स्वरूपाताईंकडे होतं, आणि त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती.

नियम म्हणजे नियम! परीक्षा पुढे ढकलायची असेल तर अर्ज आठवडाभर आधी, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत त्यांच्या ऑफिसात पोचला पाहिजे आणि त्यावर तारखेचा शिक्का पडला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी लेआ नावाच्या जलतरणपटूचा अर्ज सोमवारी आला. ताईंनी तो परत केला. पोरगी जिन्यात बसून रडली. ताई आपल्या खोलीत दार लावून रडल्या, पण अर्ज काही घेतला नाही.

आणि आता आली ईप्सिता. नेकार नदीवर रोज पहाटे नाव वल्हवणारी, हाताला घट्टे पडलेली, पुण्याच्या इंजिनियर बापाची इथेच वाढलेली मुलगी. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती ताईंना मावशी म्हणे आणि कॉलेजात फ्राऊ आठल्ये. ताईही तिच्याशी जरा जास्तच कडक वागत. उगाच कुणी म्हणायला नको, की बघा, आपल्या गाववालीला झुकतं माप देतायत.

ताईंच्याच विषयात ईप्सिता दोनदा नापास झाली होती. आता तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. ड्रिटफरझूख म्हणतात इथे, आणि तो हुकला की कॉलेजातून नाव कमी, आणि तो अभ्यासक्रम मग दुसरीकडेही कुणी घेऊ देत नाही. नेमकी परीक्षेच्याच शुक्रवारी तिची राष्ट्रीय शर्यत. परीक्षा पुढे ढकलली गेली नाही तर एक काहीतरी सोडावं लागणार होतं, शर्यत तरी नाहीतर शिक्षण तरी.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी, गुरुवारी, सरावाहून ओल्या केसांनी धावत येऊन तिने एस-बानच्या फलाटावर ताईंच्या हातात अर्ज ठेवला. ऑफिस बंद झालं होतं, शिक्का आत होता. "उद्या सकाळी मारते," ताई म्हणाल्या.

घरी आल्यावर मात्र त्यांनी जे केलं ते अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर त्यांचा छोटा पितळी गणपती होता. ताईंची आई मुलांची हॉलतिकिटं अशीच एक रात्र देवापुढे ठेवायची, वर चार अक्षता टाकायची. ताईंनी ईप्सिताचा अर्ज गणपतीपुढे ठेवला, अक्षता वाहिल्या, हात जोडले. पोरीचं भलं कर रे बाबा.

सकाळी गाडी चुकत होती, म्हणून ताई पर्स उचलून उतार उतरत पळाल्या. अर्ज पर्समध्येच आहे अशी त्यांची ठाम समजूत. दिवसभर परीक्षांच्या बैठका झाल्या, शिक्का मारायचं राहूनच गेलं. शनिवार-रविवार मुलीकडे म्युनिकला. सोमवारी सकाळी निरांजन लावायला गेल्या, आणि अक्षतांखाली तो कागद!

"अहो!" त्यांनी अशी हाक मारली की माधवराव दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन आले.

"अगं, गुरुवारी तर दिला होता ना तिने? मग गुरुवारचा शिक्का मार की," ते म्हणाले. "त्यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. ऑफिसात गेल्यावर ताईंनी शिक्का हातात घेतला. तारखेचं चाक अंगठ्याने मागे सरकवलं. तेवीस, बावीस, एकवीस, वीस, एकोणीस. कुणाला कळणार होतं? पण लेआचं तोंड समोर आलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात अकरा वर्षं घातली होती, आणि आता आपल्याच डोळ्यात हे मुसळ. ताईंनी चाक परत तेवीसवर आणलं, शिक्का मारला, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: अर्ज मला गुरुवारी मिळाला. उशीर माझ्यामुळे.

बुधवारी परीक्षा समिती बसली. अध्यक्ष होते प्राध्यापक क्रेमर, सज्जन पण शब्दाला शब्द लावून विचारणारे.

"गुरुवार ते सोमवार अर्ज कुठे होता?"

सत्तावीस वर्षांत ताईंनी आपला देव कॉलेजात आणला नव्हता. डब्यातली भाजी कसली हे सांगतानाही त्या मोजकं बोलत.

"माझ्या स्वयंपाकघरात. माझ्या देवापुढे. आमच्याकडे महत्त्वाचा कागद एक रात्र देवापुढे ठेवतात. मी सकाळी तो उचलायला विसरले."

कुणी हसलं नाही. क्रेमरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही सगळ्या खेळाडूंचे अर्ज असे ठेवता?"

हो म्हणाल्या असत्या तर तिथेच मिटलं असतं. परदेशी बाईची एक भाबडी रीत, एवढंच झालं असतं.

"नाही," ताई म्हणाल्या. "फक्त हिचा. ही आमच्यातली आहे. मला तिची जास्त काळजी वाटली. वाटायला नको होती. या खुर्चीवर बसून तर नकोच."

समितीने अर्ज मंजूर केला. मुलीने तो वेळेत दिला होता, तिचा दोष नव्हता. मग ताईंनी पर्समधून ऑफिसची किल्ली आणि तो शिक्का काढून टेबलावर ठेवला. क्रेमर "तशी गरज नाही," म्हणाले खरे, पण त्यांनी तो परतही केला नाही. घरी येऊन ताई गणपतीसमोर बराच वेळ बसल्या. त्याच्यावर रागावल्याही. "तुला तरी आठवण करून देता आली नाही?" माधवरावांनी गुपचूप चहा करून आणला. साखर विसरले होते, पण ताईंनी तो तसाच प्यायला.

शर्यतीत ईप्सिताची नाव चौथी आली. पुढे ढकललेल्या परीक्षेत मात्र ती पास झाली, आणि तीही काठावर नव्हे! ताईंना आनंद झाला, फार झाला. तरीही दर शुक्रवारी बाराच्या सुमाराला त्यांचं लक्ष घड्याळाकडे जाई, आणि करायला काही नसे.

पुढच्या सत्रातल्या एका सोमवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात ईप्सिता, चढ चढून धापा टाकत.

"मावशी," ती म्हणाली, आणि पुढचं नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये. नव्या प्राध्यापकांकडे अर्ज शुक्रवारी द्यायचा आहे. आज सोमवारच आहे. एक रात्र ठेवाल का? उद्या सकाळी मी स्वतः येऊन नेईन.

ताईंचा चेहरा गंभीर झाला. "नाही गं बाळा. एकीचाच ठेवला, तीच तर माझी चूक होती."

"गेनाऊ," ईप्सिता म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. तिने पाठीवरची बॅग उतरवली आणि आतून जाडसर फाइल काढली. तिच्या बोटीतल्या मुलींचे, ज्युदोवाल्यांचे, एका लंगडणाऱ्या उंच उडीवाल्याचे, सगळ्यांचे अर्ज होते. सगळ्यांना विचारून आणले होते. सर्वात वर लेआचा.

ताईंनी तो पहिला कागद हातात धरला आणि त्यांना रडू आवरेना. त्यांनी पदराने, म्हणजे स्वेटरच्या बाहीने, डोळे पुसले. मग फळीवरचं निरांजन बाजूला सरकवून जागा केली, गठ्ठा नीट लावला, आणि मूठभर अक्षता आणायला माधवरावांना सांगितलं.

"आणि अहो," त्या ओरडल्या, "फोनवर सकाळी सातचा गजर लावा. दोन लावा!"