उसवलेल्या बिल्ल्याची भोकं

चामड्याचा वास आला की मला रोडपालीचा तो पोरगा आठवतो. पनवेलच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान होतं आणि जॅकेटांवर भरतकामाचे बिल्ले लावून घ्यायला मोटारसायकलवाले माझ्याकडे यायचे. त्याला रविवारी नव्या ग्रुपबरोबर जायचं होतं, म्हणून त्यांचा बिल्ला काळ्या चामडी जॅकेटच्या पाठीवर हवा होता. मी जॅकेटची पाठ उजेडात धरली तर सुईच्या भोकांचा एक गोल दिसला. कापडाची भोकं बुजतात, चामड्याची नाहीत. कुणाचा तरी बिल्ला उसवलेला होता. मी त्याला जॅकेट घालायला लावलं, तर कोपराच्या घड्या पार मनगटाकडे उतरल्या, म्हणजे ते लांब हातांच्या दुसऱ्याच कुणाच्या अंगावर मुरलं होतं. "चोरीच्या मालाला मी सुई लावत नाही," मी म्हटलं. "दादाचा हाय, मावशी. त्यानंच दिला मना." "मग दादाला आण." तासाभरात उंच भाऊ आला. त्यानं घातल्यावर घड्या बरोबर कोपरावर बसल्या आणि मी मशीनला जाड सुई लावली. पण जॅकेट काढताना त्याला पाठ दिसली. "जॅकेट घालायला दिला होता. माजा बिल्ला का काढलास?" धाकट्यानं नवा बिल्ला माझ्या मशीनकडे सरकवला. "कुठं हाय तो?" "टाकला." थोरल्यानं जॅकेट माझ्यापुढं ठेवलं. "लाव मावशी, त्याचाच लाव. भोकं तर पडलीच." मी लावला. दोघं गेले ते वेगवेगळ्या दिशांना. एवढी चौकशी करायला नको होती असं आज कधी कधी वाटतं. पण तसा कुणी पुन्हा आला तर त्यालाही मी दादाला आणायलाच सांगेन.