त्याच्या वतीने मी दिलेलं उत्तर

तुम्हा दोघांना वाटतं की जॅझ हा शब्द आजीला तुमच्यामुळे कळला. तसं नाही. गिटार, मॅन्डोलिन, फिडल आणि माणसाएवढा डबल बास, असे चौघे वाजवणारे मी आमच्या खळ्यात, पाच हातांवरून ऐकले आहेत. माइक नाही, विजेची तारही नाही. हे तुम्हाला आजवर सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागतं. आता क्रमाने सांगते.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. माहेर धुळ्याचं, वडील हेडमास्तर, मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. सासर सारंगखेड्यापासून दोन कोसांवर, तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचं. घरात लाज काढायची पद्धत होती. म्हणजे सासऱ्यांसमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. काही सांगायचंच असेल तर सासूबाईंच्या कानात कुजबुजायचं. मग त्या ते मोठ्याने सांगत.

त्या हिवाळ्यात घोड्यांच्या यात्रेच्या दिवसांत एक जीप आमच्या दारात येऊन थांबली. तुमच्या आजोबांच्या एका मित्राने चिठ्ठी देऊन चार अमेरिकन पाठवले होते. मोठ्या शहरांतून कार्यक्रम करत ते मुंबईकडे निघाले होते, वाटेत त्यांना यात्रा बघायची होती. आजोबा नेमके बैल बघायला बाहेरगावी गेलेले. पाहुण्यांशी बोलणार कोण? सासऱ्यांनी खाटेवर बसल्या बसल्या विचार केला आणि निकाल दिला: सुनेने इंग्रजीत खुशाल बोलावं. गावात कोणाला समजत नाही, तेव्हा त्यात मर्यादा मोडण्यासारखं काही नाही. मात्र आपल्या भाषेतला शब्द सासूच्या तोंडूनच बाहेर पडेल.

अशी मी दुभाषी झाले. पदराआडून फाडफाड इंग्रजी, आणि अहिराणी कानात. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मात्र अभिमान वाटत होता, तो लपवत नाही.

दुपारच्या जेवणानंतर पाहुण्यांनी जीपमधून वाद्यं काढली. खळ्यात कापसाचे ढीग होते, एक रिकामी बैलगाडी होती. तिच्यासमोर ते उभे राहिले. अर्धं गाव जमलं. डबल बास बाहेर आला तशी शेजारची काकू म्हणाली, “माय वं! सारंगीना बाप शे का हाऊ?”

माझे दीर म्हणाले, “घोडास्ना मेळामा हत्ती कोनी आना?”

मग त्यांनी सुरू केलं. आधी त्यांच्याकडच्या शेतकऱ्यांच्या चाली, पाय आपोआप हलतील अशा. मग जॅझ. चौघे मिळून एक चाल सांगायचे, मग एकेक जण ती घेऊन आपल्या वाटेने दूर जायचा, बाकीचे त्याला सांभाळत थांबायचे. सासरे बराच वेळ ऐकून म्हणाले, “ह्या वाजाडी ऱ्हायनात का भांडी ऱ्हायनात?” सगळं खळं हसलं. हे वाजवतायत की भांडतायत, हे मला इंग्रजीत सांगावं लागलं. फिडल वाजवणारी बाई, पन्नाशीची, केस आखूड कापलेली, त्यांच्यातली प्रमुख तीच, इतकी हसली की तिला गज खाली ठेवावा लागला.

आमच्याकडे तेव्हा एक सालदार होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरवलेला गडी पुढच्या आखाजीपर्यंत बांधलेला असे. हा म्हसावदच्या वरच्या डोंगरातला, तिशीचा. घरची बोली वेगळी, आमच्याशी अहिराणी बोलायचा. करवंटीला कातडं लावून त्याने एक छोटं वाद्य केलं होतं. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस. ते तो दर वर्षी यात्रेतून आणायचा. गोठ्याशी बसून वाजवायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

दिरांना चेष्टा सुचली. “आमनाबी एक वाजाडनारा शे! चाल रे, लई ये तुन्हं खोकं.”

“नको ना मालक, माले लाज वाटस.”

पण त्याला ओढून आणलंच. तो खाली मांडी घालून बसला आणि डोंगरातली एक चाल वाजवू लागला. चेष्टा दोन मिनिटांत संपली. फिडलवाली बाई त्याच्यासमोर जमिनीवर बसली, आधी नुसती ऐकत, मग हळूच त्याच्या खालून सूर धरत. डबल बास शिरला. सालदार एकदा दचकला, मग डोळे मिटून वेगळ्याच वाटेने निघाला, त्यांच्यासारखाच. मी त्याला रोज भाकरी वाढत होते. हा माणूस असा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

वाजवून झाल्यावर ती बाई उठली आणि थेट माझ्याकडे आली. म्हणाली, त्याला विचार, आमच्याबरोबर तीन आठवडे मुंबईला येशील का? तिथे आमचे कार्यक्रम आहेत, रेकॉर्डिंगही आहे. त्याची सगळी व्यवस्था आम्ही करू आणि परत आणून सोडू. आम्ही उद्या सकाळी निघतो.

तो चार पावलांवर उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत. विचारायचं म्हणजे सासूबाईंच्या कानात सांगायचं, आणि त्या ते सासऱ्यांच्या देखत मोठ्याने बोलणार. वेचणी निम्मी बाकी होती. शिकलेल्या सुनेने भर हंगामात गडी पळवला, असं झालं असतं. दोन वर्षांत घरात मला जेमतेम जागा मिळाली होती.

मी इंग्रजीत म्हटलं, “तो येऊ शकणार नाही. वसंतापर्यंत तो आमच्याशी बांधलेला आहे.”

बाई म्हणाली, “पण तू त्याला विचारलंच नाहीस.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं.

सासूबाईंनी विचारलं, “काय म्हनी ती?”

मी कानात सांगितलं, चांगलं वाजवतो म्हणाली. त्यांनी ते मोठ्याने सांगितलं. सालदार लाजून हसला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

संध्याकाळ होती, पुढची सकाळ होती. गोठ्याशी जाऊन दोन वाक्यं बोलायला मला कोणी अडवलं नसतं. मी गेले नाही. पाहुणे गेल्यावर तर सांगण्यात काय अर्थ, असं स्वतःला समजावलं. पुढच्या आखाजीला त्याने साल सोडलं आणि तो डोंगरात परत गेला.

सहा-सात वर्षांनी म्हसावदच्या बाजारात तो मला दिसला. केस पांढरे व्हायला लागले होते. “वैनी, मोठा मालक बरा शेतस ना?” म्हणाला. सासरे वारले होते, ते सांगितलं. आणि मग, मिरच्यांच्या ढिगाशी उभ्या उभ्या, तेही सगळं सांगितलं.

तो रागावला नाही. बराच वेळ पिशवीचे बंद आवळत राहिला. मग म्हणाला, “मी जातू का नई, ते मालेबी माहीत नई. बायको आजारी व्हती तवय. पन ते मी सांगतू ना, वैनी.”

मी ढिगातली एक मिरची उचलली आणि परत ठेवली.

“दुसरा दिन गयात ना त्या?” त्याने विचारलं.

“हो. दहा वाजता.”

“त्यास्नी मोठी पेटी तं मीच जीपमा ठेवी,” तो म्हणाला. “त्या बाईनी मन्हा हात धरा, सोडेच ना. माले वाटनं, राम राम करी ऱ्हायनी.”

मी तेव्हा घरात होते. जीप सुरू झाल्याचा आवाज ऐकूनही बाहेर आले नव्हते.